विहीणबाईंचं कारंजं

पुण्यात पाण्याबद्दल तक्रार करणारी माणसं घरोघरी सापडतात. पण पाणी ज्यातून प्यायचं त्या पेल्याबद्दल तक्रार करणारी बाई मी उभ्या आयुष्यात एकच पाहिली, आणि ऋणानुबंध असा, की ती नेमकी माझ्या मुलीची सासू झाली. आमच्या विहीणबाईंच्या मते जगात पाणी भरपूर आहे, टंचाई आहे ती स्वच्छ पेल्याची. लग्नाच्या हॉलमध्ये, दवाखान्यात, सख्ख्या भावाच्या घरी, कुठेही पाण्याचा पेला पुढे आला की त्या तो आधी उजेडाकडे धरायच्या. मग डोळे बारीक करून, पेला सावकाश फिरवून, जणू क्ष-किरणांचा फोटो बघावा तशा त्या बघायच्या, आणि बहुतेक वेळा "तहान नाही" असं म्हणून पेला खाली ठेवायच्या. चौतीस वर्षं त्यांनी एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून काढली होती. मुलांनी प्रयोग करून तशीच टाकलेली काचेची भांडी धुऊन, निथळून, दुसऱ्या दिवशीच्या तुकडीसाठी मांडून ठेवायची, हे त्यांच्या कामातलं मोठं काम. "काच स्वच्छ असली की पाणी तिच्यावर सलग पसरतं," त्या सांगायच्या. "थेंब धरला, म्हणजे तिथे काहीतरी चिकटून बसलंय. काच कधी खोटं बोलत नाही." निवृत्त झाल्यावर कॉलेजनं त्यांना शाल आणि नारळ दिला. शाल त्यांनी कपाटात ठेवली, आणि तपासणीचा अधिकार मात्र बरोबर घरी आणला.

त्यांची माझी पहिली भेट आमच्या कसबा पेठेतल्या घरी झाली. मुलगी बघायला म्हणून त्या मुलाला घेऊन आल्या होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, त्यामुळे सगळी बोलणी त्या एकट्याच करणार होत्या. मी नवे पेले काढले होते, त्यात वाळ्याचं पाणी होतं. त्यांनी पेला ट्यूबलाइटकडे धरला. आमच्या बैठकीच्या खोलीत एकदम परीक्षागृहासारखी शांतता पसरली. "पाणी छान आहे हो आपल्याकडचं," त्या म्हणाल्या, "पेल्यानं मात्र आज आंघोळ केलेली दिसत नाही." एवढं म्हणून थांबल्या असत्या तरी मी गिळलं असतं. पण त्या उठल्या, पदर खोचला, स्वयंपाकघर कुठे म्हणून विचारलं, आणि सहाच्या सहा पेले स्वतः धुतले. साडी नेसून तयार झालेली माझी मुलगी त्यांच्या शेजारी उभी राहून ते बघत होती. पाहुणे गेल्यावर मी रडकुंडीला आले होते, आणि ही म्हणते, "आई, पण खरंच किती वेगळे दिसताहेत गं!" आमच्या ह्यांनीही पेला उजेडाकडे धरून बघितला आणि निकाल दिला, "बाई चोख आहे. सोयरीक करून टाक." सोयरीक झाली, चांगली झाली, मी मात्र तो अपमान पुढची नऊ वर्षं जपून ठेवला.

त्या नऊ वर्षांत मला विहीणबाईंचे सगळे नियम पाठ झाले. पेला फडक्यानं पुसायचा नाही, कारण पुसलेल्या पेल्याला फडक्याचा वास लागतो. पेला भांड्यांबरोबर घासायचा नाही. त्यांच्या कर्वेनगरच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंना कढईपासून कुकरपर्यंत सगळं सोपवलेलं होतं, पण पेल्यांना हात लावायची मनाई होती. पेले धुऊन लाकडी पट्ट्यांच्या घडवंचीवर उपडे ठेवायचे, दोन पेल्यांमध्ये बोटभर अंतर राखून. बाहेर जाताना त्या स्वतःचा पेला फ्लॅनेलच्या पिशवीत घालून नेत. एकदा आम्ही दोघी मंडईत गेलो होतो, माझ्या नातीच्या बारशासाठी फळं घ्यायला. ऊन मी म्हणत होतं. मी उसाचा रस प्यायचा आग्रह केला. विहीणबाईंनी पिशवीतून पेला काढून रसवाल्यापुढे धरला. तो म्हणाला, "बाई, आमचे ग्लास काय वाईट आहेत?" त्या शांतपणे म्हणाल्या, "वाईट नाहीत. अनुभवी आहेत." रसवाला हसला, त्यानं वर थोडा रस जास्तच घातला, पण शेजारी उभी राहून त्याच्या अनुभवी ग्लासातून रस पिताना माझ्या घशाखाली घोट उतरेना.

मुलगी आणि जावई नोकरीसाठी बंगळूरला गेले, आणि त्यानंतर दोनेक वर्षांनी विहीणबाईंना अर्धांगाचा झटका आला. सौम्य होता, असं डॉक्टर म्हणाले. पाय सुधारला, बोलणं तर जराही बिघडलं नाही, पण डाव्या हाताची मूठ वळेना. बोटं अर्धवट मिटायची आणि तिथेच थांबायची. मुलगा महिनाभर राहिला, "चल आमच्याकडे" म्हणून विनवून थकला, आणि परत गेला. जाताना घराची एक किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाला, "आई, तुम्ही अधूनमधून बघाल ना?" मी हो म्हणाले. कसब्यातून कर्वेनगर काही जवळ नाही; पण जावयानं हात जोडल्यावर अंतर मोजता येत नाही.

पेला धुवायला दोन हात लागतात हे मला तोवर कधी जाणवलंच नव्हतं. एका हातानं धरायचा, दुसऱ्याची बोटं आत घालून फिरवायची, इतकी साधी गोष्ट. विहीणबाई सिंकच्या कडेला पेला पोटानं दाबून धरायच्या आणि उजव्या हातानं आतून चोळायच्या. एके दिवशी तो दाबताना फुटला आणि उजव्या अंगठ्याच्या बुडाशी खोल चीर गेली. शेजारच्यांचा फोन आल्यावर मी रिक्षानं दवाखान्यात पोचले तेव्हा टाके घालून झाले होते. मला बघून त्या एवढंच म्हणाल्या, "पेला गेला."

बंगळूरहून तातडीनं स्टीलचे पेले आले. विहीणबाईंनी ते कामाच्या बाईंना देऊन टाकले. "स्टीलमध्ये आतलं दिसत नाही," त्या म्हणाल्या. "जे दिसत नाही ते मी पीत नाही." मग प्लास्टिकचे आले; त्यांत त्यांनी कोथिंबीर आणि पुदिना लावला. शेवटी जावयानं कुठून तरी शोधून एक खोकं पाठवलं. आत एक चकचकीत वाटोळी तबकडी होती, मध्ये चांदणीसारखी जाळी, खाली नळी. ग्लास रिन्सर म्हणतात त्याला. ओट्यात सिंकला लागून बसवायचा. पेला उपडा ठेवून नुसता दाबला की खालून बारीक धारा जोरात वर उसळतात आणि पेला आतून धुऊन निघतो. एका हाताचं काम. जावयानं फोनवर तासभर समजावलं. विहीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कारंजं आहे म्हण की. मग बागेत का नाही बसवायचं?" खोकं फ्रिजवर गेलं आणि तिथेच राहिलं. पुढचे दोन महिने मी दर गुरुवारी जायची, त्या खोक्याकडे बघायची, आणि विषय काढायचा धीर न होऊन परत यायची.

एप्रिलमधली एक दुपार मला अजून लख्ख आठवते. लाइट गेले होते, बेल वाजत नव्हती. दार ठोठावलं तरी उत्तर येईना. पर्समधून किल्ली काढून मी दार उघडलं आणि आत धावले. विहीणबाई स्वयंपाकघरात होत्या. सिंकवर वाकून, नळ बारीक सोडून, उजव्या हाताची ओंजळ करून पाणी पीत होत्या. एका हाताच्या ओंजळीत पाणी ते किती राहणार! अर्धं कोपरावरून खाली गळत होतं, ब्लाउजची बाही भिजली होती. घडवंचीवर पेले उपडे मांडलेले होते, बोटभर अंतर राखून. त्यांच्या बुडांवर धूळ बसली होती.

चाहूल लागताच त्या सरळ झाल्या. पदरानं तोंड टिपलं. "बेल वाजवायची पद्धत असते," त्या म्हणाल्या.

"लाइट नाहीत," मी म्हणाले.

नळ तसाच चालू होता, तो मी बंद केला. मला सगळं कळलं होतं. नीट धुता येत नाही, दुसऱ्या कुणाचं धुतलेलं चालत नाही, आणि अस्वच्छ पेला ओठाला लावायचा नाही, म्हणजे राहता राहिला हात. मी विचारलं, "किती दिवस चाललंय हे?"

"हात स्वच्छ असतो माझा," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

मी घडवंचीवरचा एक पेला घेतला. साबण लावला, आतून बाहेरून चोळला, तीनदा विसळला, आयुष्यात कधी धुतला नसेल इतक्या मनापासून धुतला. पाणी भरून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो खिडकीच्या उजेडाकडे नेला. खूप वेळ बघून त्यांनी तो हलकेच ओट्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "चांगला धुतलाय. खरंच. पण राहू दे." त्यांचा आवाज इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता. नऊ वर्षं जपून ठेवलेला माझा अपमान त्या क्षणी कुठे गेला कुणास ठाऊक. मला एकच दिसत होतं, ह्या बाईला तहान लागली आहे.

"उद्या हमीदभाईंना घेऊन येते," मी म्हणाले.

"ते कोण?"

"आमच्याकडचे प्लंबर. अर्ध्या कसब्याचे नळ त्यांच्या हातचे आहेत."

मग त्यांनी विचारलं, "पाय धुऊन येतात का घरात?"

"येतात."

"मग आणा," विहीणबाई म्हणाल्या.

हमीदभाई साठीचे, सावकाश बोलणारे आणि त्याहून सावकाश काम करणारे गृहस्थ. त्यांनी दारात चपला काढल्या, न सांगता बाथरूममध्ये जाऊन पाय धुतले, आणि विहीणबाईंच्या मनात तिथेच निम्मी परीक्षा उत्तीर्ण झाले. खोकं उघडून त्यांनी तबकडी उलटसुलट करून बघितली, ओट्याच्या खाली डोकं घालून नळ्या तपासल्या, आणि बाहेर येऊन म्हणाले, "ताई, ग्रॅनाइटला भोक पाडावं लागेल. एकदा पाडलं की ते बुजत नाही. विचार करून सांगा." विहीणबाईंनी विचार केला. घर नवऱ्यानं घेतलेलं, ओटा त्यांनी स्वतः पसंत करून बसवलेला. मग त्यांनी पेन्सिल आणली आणि सिंकच्या उजव्या अंगाला, आपला हात सहज पोचेल अशा जागी, स्वतः गोल काढला. काढून झाल्यावर फुटपट्टीनं दोन्ही बाजूंनी मोजलाही.

ग्रॅनाइट कापायचं तर त्यावर सारखं पाणी सोडत राहावं लागतं, नाहीतर यंत्राचं पातं जळतं. हमीदभाई म्हणाले, "कुणीतरी पाणी घाला." मी पुढे झाले, तर विहीणबाईंनी तांब्या आधीच उचलला होता. त्या कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात, पांढऱ्या चिखलाचे शिंतोडे साडीवर झेलत, जवळजवळ अर्धा तास त्या एका हातानं धार धरून उभ्या होत्या. हमीदभाईंनी एकदा वर बघून म्हटलं, "ताई, हात दुखेल." त्या म्हणाल्या, "दुखू दे की. दुसरा तर दुखतही नाही." हमीदभाईंनी मान खाली घातली आणि पुन्हा यंत्र चालू केलं.

तबकडी बसली, खालच्या नळाला नळी जोडली गेली. हमीदभाईंनी विहीणबाईंना मान दिला. त्यांनी पेला उपडा ठेवून दाबला. आतून पाण्याची एक केविलवाणी रेघ अर्ध्यापर्यंत चढली आणि परत फिरली. विहीणबाईंनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. "हमीदभाई," त्या म्हणाल्या, "ह्याला कारंजं म्हणत नाहीत. ह्याला सर्दी म्हणतात." हे त्या नेहमीच्याच सुरात म्हणाल्या, पण पेला हातातून खाली ठेवला नाही. हमीदभाई परत ओट्याखाली गेले. तिथून ठोकाठोकीचा, खरवडण्याचा आवाज येत राहिला. बऱ्याच वेळानं त्यांनी एक तोटी बाहेर काढून दाखवली. आत क्षारांचा पांढरा थर इतका साचला होता, की सुई जाईल एवढीच वाट उरली होती. "पाणी आहे ताई," ते म्हणाले. "वाट नव्हती." तोटी साफ करून पुन्हा बसवली, आणि ते आतूनच ओरडले, "बघा आता!"

आता पेला ठेवून बघायचा, हे कुणालाही कळेल. पण मी घाईघाईनं पुढे होऊन त्या चांदणीवर सरळ बोटच दाबलं. पाणी जे उसळलं ते माझ्या हनुवटीवर, चष्म्यावर, कपाळावर, आणि तिथून थेट वरच्या कपाटाच्या दारावर. मी किंचाळले, पण बोट उचलायचं मला सुचेना. आणि मग माझ्या मागून एक आवाज आला. आधी मला वाटलं विहीणबाईंना ठसका लागला. वळून बघते तर त्या हसत होत्या. ओट्याला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, तोंडाला पदरसुद्धा न लावता. इतक्या वर्षांत त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघत होते. हमीदभाई ओट्याखालून डोकं काढून आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिले.

मग विहीणबाई गंभीर झाल्या. पेला घेतला, उपडा ठेवला, दाबला. आत धारा थडथड वाजल्या. मनगट थोडं इकडे, थोडं तिकडे फिरवून त्यांनी पेला उचलला आणि खिडकीशी गेल्या. पाणी काचेवर सलग पसरलं होतं. एकही थेंब धरला नव्हता. आम्ही तिघंही त्या पेल्याकडे बघत उभे होतो. "तीन सेकंद पुरत नाहीत," त्या अखेर म्हणाल्या. "पाच लागतात." मग पेला पुन्हा धुतला, पाण्यानं भरला, आणि मला वाटलं आता त्या पितील. पण त्यांनी तो हमीदभाईंपुढे धरला. "घ्या. सकाळपासून खपताय." हमीदभाईंनी पेला दोन्ही हातांनी घेतला आणि एका दमात संपवला. "ताई, पाणी गोड आहे तुमचं," ते म्हणाले. "पाणी महापालिकेचं आहे," विहीणबाई म्हणाल्या. "पेला माझा आहे." दुसरा पेला मला मिळाला. तिसरा त्या स्वतः प्यायल्या, खुर्चीवर बसून, सावकाश, मधे न थांबता. मी तोंड फिरवून ओटा पुसायला लागले.

त्यानंतर दोन वर्षं ते घर पुन्हा पाहुण्यांचं झालं. विहीणबाईंनी त्या यंत्राच्या रीतसर चाचण्या घेतल्या. सरबताचा पेला निघतो. दुधाचा निघत नाही, त्याला आधी साबणाचं बोट फिरवावं लागतं. ताकाचं तर नावच नको, म्हणून ताक वाटीतून मिळू लागलं. "हे धुणं नव्हे," त्या येईल त्याला समजावायच्या, "विसळणं आहे. पण विसळावं कसं ते ह्याला कळतं." दिवाळीत मुलगा आला तो ठरवूनच आला होता, की ह्या वेळी आईला घेऊनच जायचं. विहीणबाईंनी त्याला बसवलं, पेला धुतला, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "पी, आणि मग बोल काय बोलायचंय ते." तो पाणी प्यायला, रिकाम्या पेल्याकडे बघत थोडा वेळ बसला, आणि म्हणाला, "काही नाही गं. लाडू कुठे आहेत?" मला सोडायला गेटपर्यंत आला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. "आई, मला नाही जमलं विचारायला," तो म्हणाला. मी म्हटलं, "चांगलं झालं."

पण दुसरा झटका आला तो सौम्य नव्हता. ह्या वेळी बोलणंही गेलं. जे थोडं परत आलं ते एकेका शब्दानं. आता विचारायचा प्रश्नच नव्हता. मुलगा त्यांना बंगळूरला घेऊन गेला. माझी मुलगी त्यांचं सगळं करते, आणि नीट करते. तिला शिकवणारी तशीच होती. फ्लॅट भाड्यानं दिला. यवतमाळकडच्या दोन मुली तिथे राहतात, हिंजवडीला नोकरी करतात. किल्ली देताना मी माझा नंबर देऊन ठेवला होता. आठवड्याभरातच फोन आला. "काकू, सिंकच्या बाजूला ते गोल गोल कायचं आहे हो? आम्ही त्याच्यावर साबण ठेवून राहिलो."

मी दुसऱ्याच दिवशी गेले. साबणाची वडी उचलली, चांदणी स्वच्छ केली, आणि पेला उपडा कसा ठेवायचा, मनगट कसं फिरवायचं ते दाखवलं. "पाच सेकंद," मी म्हणाले. "तीन पुरत नाहीत." मुली खूश झाल्या. "मस्तच आहे हे, काकू!" म्हणून त्यांनी घरात होते नव्हते तेवढे ग्लास काढून एकामागून एक विसळले, आणि त्यातल्या धाकटीनं एक भरून मला दिला. मी तो प्यायले. त्या घरात आता दुसरेच पडदे होते, फ्रिज दुसराच होता, आणि मला फार वेळ बसवेना.

घरी येऊन मी बंगळूरला फोन लावला. मुलीनं तो विहीणबाईंच्या कानाशी धरला. मी त्यांना सगळं सांगितलं. मुली चांगल्या आहेत, तुमचं कारंजं वापरायला लागल्या आहेत, मी स्वतः शिकवून आले. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. त्यांना कळलं की नाही, हेही मला कळेना. मग खूप वेळानं, एकेक अक्षर शोधून आणल्यासारखा त्यांचा आवाज आला.

"पाणी... येतंय?"

"येतंय हो," मी म्हणाले. "चांगलं जोरात येतंय."

मी फोन ठेवला नाही. बराच वेळ आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, त्या तिकडे आणि मी इकडे.